दगडावर उमटलेले देव

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या ओसरीवर, गिरणगावातील चाळींच्या खोल्यांत, वाण्याच्या दुकानात गल्ल्याच्या वरच्या बाजूला एक तसबीर हमखास टांगलेली असे. कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी, किंवा जलाशयाकाठी खडकावर बसून वीणा वाजवणारी सरस्वती. काच धुरकटलेली, चौकटीवर कुंकवाचे बोट उमटलेले, कडेला सुकलेल्या झेंडूच्या माळेचा दोरा लोंबत असलेला. तसबिरीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असे; पण ते वाचण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही. या लक्ष्मीला हा चेहरा कोणी दिला, असा प्रश्न पडण्याइतकी ती परकी वाटतच नसे.

हा चेहरा दिला राजा रविवर्मा यांनी. त्यांच्या मूळ तैलचित्रांचे दर्शन मात्र त्या काळी फार थोड्यांना घडले. ती चित्रे बडोदा, म्हैसूर, त्रावणकोरच्या राजवाड्यांत आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या दिवाणखान्यांत लागली होती. सामान्य माणसापर्यंत रविवर्मा पोहोचले ते दगडावरून. युरोपातून आणलेला चुनखडीचा गुळगुळीत दगड, त्यावर तेलकट शाईने काढलेले उलटे चित्र आणि त्यावरून कागदावर निघणाऱ्या हजारो प्रती, हा त्यांच्या कीर्तीचा खरा मार्ग. या दगडापायी त्यांनी पैसा घालवला, मनःस्ताप सोसला आणि मृत्यूनंतर जाणकारांची नापसंतीही ओढवून घेतली. चित्रकार रविवर्मा यांची कथा मराठी वाचकाला अपरिचित नाही. रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’ या कादंबरीने ती घरोघरी नेली. छापखान्याचे मालक रविवर्मा मात्र तुलनेने अंधारात राहिले.

२९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किलिमानूर येथे त्यांचा जन्म झाला. किलिमानूरचे घराणे राज्य करणारे नव्हते. त्रावणकोरच्या राजकुळाशी पिढ्यान्पिढ्यांची सोयरिक असलेले ते एक जहागीरदार घराणे होते. वडील संस्कृतचे व्यासंगी, आई उमयांबा काव्यरचना करणाऱ्या, तर मामा राजराज वर्मा तंजावर शैलीत चित्रे काढत. केरळच्या मातृवंशीय परंपरेत मामाचे स्थान फार मोठे असते. घराच्या भिंतींवर भाच्याने कोळशाने काढलेली चित्रे पाहून मामांनी त्याला रागावण्याऐवजी शिकवायला घेतले, असे सांगतात. पुढे १८६२मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, हेच मामा त्याला तिरुवनंतपुरमला महाराजा आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी घेऊन गेले. महाराजांनी मुलाला आश्रय दिला आणि राजवाड्यातील चित्रे व पुस्तके त्याच्यापुढे खुली केली.

तैलरंगाचे तंत्र त्या वेळी दक्षिणेत मोजक्याच लोकांना अवगत होते आणि ज्यांना होते ते ते जपून ठेवीत. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांनी या तरुणाला शिकवण्यास नकार दिला. १८६८मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय व्यक्तिचित्रकार दरबारी आला. त्यानेही शिकवले नाही. चित्र काढताना जवळ बसून पाहण्याची परवानगी मात्र दिली. रविवर्मा पाहत राहिले. रंग कसा कालवायचा, तो ओला असतानाच दुसऱ्यात कसा मिसळायचा, सावलीतून त्वचेची गोलाई कशी उभी करायची, हे सारे त्यांनी पाहून आणि चुकून आत्मसात केले. जी विद्या त्यांना कोणी सुखासुखी दिली नाही, तिचीच फळे पुढे त्यांनी दारोदार वाटावीत, हा त्यांच्या आयुष्यातील योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

यश फार लांब राहिले नाही. १८७३मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात, केसांत फुलांची माळ गुंफणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला गव्हर्नरांचे सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षीच्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातही ते गौरवले गेले. १८७६मध्ये त्यांनी दुष्यंताला पत्र लिहिणारी शकुंतला रंगवली. मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी ते चित्र विकत घेतले. संस्कृत पंडित मोनियर विल्यम्स यांनी आपल्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतरासाठी ते वापरले. गवतावर पालथी पडून कमळाच्या पानावर प्रेमपत्र लिहिणारी ही शकुंतला म्हणजे रविवर्म्यांच्या पुढच्या वाटचालीची खूण होती. पुराणांतील आणि काव्यांतील व्यक्तींना हाडामांसाचे शरीर, ओळखीचे वस्त्र आणि डोळ्यांत भाव देणे, हे काम त्यांनी हाती घेतले होते.

१८८०मध्ये आयिल्यम तिरुनाळ निवर्तले. नव्या महाराजांशी रविवर्म्यांचे सूर जुळले नाहीत आणि त्यांनी त्रावणकोरबाहेर पाऊल टाकले. धाकटे बंधू सी. राजराज वर्मा सोबत होते. तेही चित्रकार होते, निसर्गचित्रणात त्यांचा हात विशेष चाले. पुढची पंचवीस वर्षे हे दोघे भाऊ एकत्र राहिले, एकत्र हिंडले आणि अनेकदा एकाच चित्रफलकावर एकत्र काम करीत राहिले. १८८१मध्ये त्यांना बडोद्याचे आमंत्रण आले. सयाजीराव गायकवाड यांना राज्यकारभाराचे अधिकार मिळण्याचा समारंभ होता आणि दिवाण होते सर टी. माधवराव.

माधवराव हे मूळचे कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठीभाषक घराण्यातले. बडोद्याला येण्यापूर्वी त्यांनी त्रावणकोरची दिवाणगिरी केली होती आणि रविवर्म्यांना ते तेव्हापासून ओळखत होते. छपाईची कल्पना रविवर्म्यांच्या मनात रुजवण्याचे श्रेय बहुतेक चरित्रकार त्यांना देतात. १८८४च्या सुमारास त्यांनी रविवर्म्यांना एक सूचना केली. चित्रांना मागणी एवढी आहे की एका माणसाच्या हाताने ती पुरी होणे अशक्य आहे. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढाव्यात, त्यातून कीर्ती तर वाढेलच, पण देशाचीही सेवा घडेल, असा त्या सूचनेचा आशय होता. ही सूचना दहा वर्षे तशीच राहिली.

त्या दहा वर्षांत जे घडले त्याने मात्र तिला बळ दिले. १८८८मध्ये सयाजीरावांनी रामायण आणि महाभारतातील प्रसंगांवर चौदा चित्रांचे काम रविवर्म्यांना सोपवले. त्यासाठी दोघा भावांनी उत्तर हिंदुस्थानात दीर्घ प्रवास केला. पुराणकाळातील लोक काय नेसत असतील, याचा शोध त्यांना घ्यायचा होता. प्रांतोप्रांती वेगळा वेष आणि वेगळे अलंकार त्यांना दिसले. सर्वांना आपली वाटेल अशी नायिका रंगवायची तर ती कोणत्या प्रांताची दाखवायची, हा प्रश्न त्यांनी साडीने सोडवला. आणि त्यांच्या अनेक चित्रांतील साडीची नेसण मराठी माणसाला तत्काळ ओळखीची वाटली. नल-दमयंती, शंतनू आणि मत्स्यगंधा, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका, सिंहाच्या छाव्याशी खेळणारा भरत अशी ती चित्रे होती. बडोद्यात ती लोकांना पाहण्यासाठी खुली केली गेली तेव्हा दर्शनाला लागावी तशी रीघ लागली. त्या गर्दीतील बहुतेकांनी आयुष्यात कधी तैलचित्र पाहिले नव्हते. प्रदर्शन संपले, चित्रे राजवाड्यात गेली, आणि लोक रिकाम्या हातांनी घरी परतले. माधवरावांच्या सूचनेमागची खरी गरज ही होती.

१८९३मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात रविवर्म्यांची दहा चित्रे मांडली गेली आणि त्यांना दोन पदके मिळाली. त्या वेळी ते पंचेचाळीस वर्षांचे होते. संस्थानिकांची कामे रांगेत उभी होती, मानधनाची ददात नव्हती. अशा वेळी व्यवहारी माणसाने छापखान्याच्या भानगडीत पडू नये. रविवर्मा पडले. चित्रे युरोपात पाठवून छापून आणण्याऐवजी त्यांनी दगड, यंत्रे आणि कारागीरच इकडे आणायचे ठरवले. १८९४मध्ये मुंबईत गिरगावात रविवर्मा प्रेस सुरू झाला. भागीदार होते गोवर्धनदास खटाव मकनजी हे मुंबईचे व्यापारी. यंत्रे जर्मनीची, मुख्य तंत्रज्ञही जर्मन. पहिले चित्र निघाले ते शकुंतलेच्या जन्माचे.

शिळाछाप मुंबईला नवी नव्हती. जर्मनीत म्युनिकच्या आलोइस सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती शोधून काढली, त्यानंतर काही दशकांतच ती इकडे आली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१मध्ये मराठी पंचांग छापले ते शिळेवरच. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८मध्ये चित्रशाळा काढली आणि तेथून निघालेल्या देवादिकांच्या व मराठेशाहीतील पुरुषांच्या रंगीत चित्रांनी मराठी घरांच्या भिंती सजू लागल्या होत्या. रविवर्म्यांना या वाटेवर पुढे जायचे होते. तैलचित्रातील रंगांची खोली, वस्त्राची चमक, त्वचेची ऊब हे सारे कागदावर उतरवायचे, आणि तेही सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत, ही त्यांची महत्त्वाकांक्षा होती.

हे किती कठीण होते, ते शिळाछपाईची रीत समजून घेतल्याशिवाय कळत नाही. या कामाला लागणारा उत्तम दगड बव्हेरियातील सोल्नहोफेनच्या खाणींतून येई. हा बारीक कणांचा चुनखडीचा दगड. दोन दगडांमध्ये वाळू आणि पाणी घालून तो घासून घासून सपाट करीत. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या रोजच्या स्वयंपाकघरातील अनुभवावर सारी विद्या उभी. तेलकट खडूने किंवा शाईने दगडावर चित्र काढायचे. मग त्यावर डिंकाच्या पाण्यात किंचित तेजाब मिसळून ते मिश्रण फिरवायचे. चित्र काढलेला भाग तेल धरून ठेवतो, उरलेला दगड पाणी धरतो. ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला चिकटते, कोऱ्या भागावरून घसरून जाते. वर कागद ठेवून दाबले की चित्र उमटते. येथे लाकडी ठशासारखे कोरणे नाही, की शिशाचे खिळे जुळवणे नाही. चित्रकाराच्या हाताची रेघ जशी असेल तशी कागदावर येते. फक्त उजवे डावे होते, म्हणून दगडावर सारे उलटे काढावे लागते.

ही झाली एका रंगाची गोष्ट. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाला वेगळा दगड. लक्ष्मीच्या साडीचा लाल एका दगडावर, कमळाचा गुलाबी दुसऱ्यावर, आकाशाचा फिकट निळा तिसऱ्यावर. चेहऱ्याच्या एका गोऱ्या छटेसाठी पिवळट, गुलाबी आणि तपकिरी अशा अनेक रंगांचे बारीक ठिपके एकमेकांवर पडावे लागत. एकाच चित्राला दहा-दहा, कधी त्याहूनही अधिक दगड लागत आणि प्रत्येक कागद तितक्या वेळा यंत्रातून जाई. दर वेळी तो नेमका त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तरी ओठाचा रंग हनुवटीवर उतरे. शेवटी वरून रोगण देत, काही प्रतींवर कॅन्व्हासच्या विणीचा दाबही देत, म्हणजे छापील कागद तैलचित्रासारखा दिसे. या शेवटच्या संस्कारामुळेच अशा चित्रांना ओलिओग्राफ हे नाव पडले.

या साखळीत रविवर्म्यांचा हात फक्त आरंभी होता. मूळ चित्रातून रंग वेगळे काढणारा, ते दगडावर ठिपक्याठिपक्याने उतरवणारा, शाई कालवणारा, कागद लावणारा असे अनेक कारागीर त्या एका लक्ष्मीमागे उभे असत. त्यांची नावे चित्राखाली येत नसत. दगडही कायम राहत नसे. ज्या चित्राला मागणी उरली नाही त्याचा दगड पुन्हा घासला जाई आणि त्याच पृष्ठभागावर दुसरे चित्र चढे.

चित्रे खपली. देवदेवतांच्या चित्रांना सर्वाधिक मागणी होती. लक्ष्मी आणि सरस्वती, राम-सीता, कृष्ण, दत्त, शंकर अशी चित्रे घरोघरी देव्हाऱ्याजवळ लागली. कित्येक घरांतील स्त्रियांनी त्यांवर जरीचे तुकडे आणि टिकल्या चिकटवून छापील लक्ष्मीला सणाचा साज चढवला. पण खप आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्रे आणि दगड महाग होते, परदेशी तंत्रज्ञांचे पगार मोठे होते. भागीदाराशी खटके उडू लागले. दोघे भाऊ चित्रांच्या कामासाठी संस्थाने हिंडत आणि हिशेब मागे राहत. राजराज वर्मा यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. तीत प्रवास, गाठीभेटी आणि पाहिलेली नाटके यांच्या जोडीला छापखान्याच्या विवंचनाही डोकावतात. चित्रांचे पैसे छापखान्यात जात होते आणि छापखाना आणखी मागत होता.

त्यातच १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून जाऊ लागले, कारखान्यांत माणसे मिळेनाशी झाली. छापखाना आधी घाटकोपरला आणि पुढे १८९९मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवली येथे हलवण्यात आला. मुंबई-पुणे लोहमार्गावरचे हे लहानसे स्थानक. जवळच कार्ले आणि भाजे येथील लेणी. ज्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी दगड कोरून देवालये घडवली, त्यांच्याच पायथ्याशी आता बव्हेरियाच्या दगडांवर देव उमटू लागले. जागा मोकळी होती, हवा चांगली होती. पण आर्थिक घडी काही बसली नाही. भागीदारी संपली होती आणि कर्जाचे ओझे वाढले होते. अखेर नव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्यांनी छापखाना आपल्याकडचेच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकून टाकला. त्याबरोबर आपली चित्रे छापण्याचे हक्कही दिले.

हा व्यवहार त्यांना किती जड गेला असेल, याची कल्पना त्याच्या परिणामांवरून करता येते. श्लायशर कुशल तंत्रज्ञ आणि चोख व्यापारी होते. त्यांनी छापखाना ऊर्जितावस्थेला आणला. रविवर्म्यांच्या चित्रांबरोबर मुंबईच्या कलाशाळेतील म. वि. धुरंधर यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रेही तेथून निघू लागली. चित्रे आता लेबलांवर, दिनदर्शिकांवर आणि जाहिरातींवर दिसू लागली. पूजेसाठी टांगलेली देवी साबणाच्या आणि औषधाच्या विक्रीलाही उभी राहिली. रंग कुठे भडक झाले, चेहरे कुठे बदलले, हे ठरवण्याचा अधिकार मूळ चित्रकाराकडे उरला नव्हता. नकला करणारे तर वेगळेच. पण चित्राखाली नाव राहिले ते रविवर्मा यांचेच. प्रत्येक सुमार प्रतीचा दोष त्यांच्या खात्यावर जमा होत गेला.

छापखाना हातून गेल्यानंतरची त्यांची वर्षे थोडी होती. १९०४मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. म्हैसूरच्या महाराजांनी पौराणिक चित्रांचे मोठे काम दिले. त्या कामाच्या काळातच, जानेवारी १९०५मध्ये, राजराज वर्मा यांचे निधन झाले. सोबती, सहचित्रकार, कारभारी आणि प्रवासातला जोडीदार एकाच वेळी गेला. रविवर्म्यांची प्रकृती मधुमेहाने आधीच खालावली होती. ते किलिमानूरला परतले आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तेथेच त्यांनी देह ठेवला.

त्यांच्यामागे टीकेची लाट आली. बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर यांच्याभोवती नवी चित्रशैली उभी राहत होती. अजिंठा आणि मोगल लघुचित्रे ही तिची प्रेरणा होती. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांनी रविवर्म्यांची चित्रे पाश्चात्त्य धाटणीची, नाटकी आणि आध्यात्मिक उंची नसलेली ठरवली. या टीकेत तथ्य नव्हतेच असे म्हणता येणार नाही. त्यांच्या काही पौराणिक चित्रांतील पात्रे खरोखरच रंगमंचावर उभी असल्यासारखी दिसतात. दोघे भाऊ नाटकांचे शौकीन होते आणि पुढे मराठी रंगभूमीनेही आपली पौराणिक वेषभूषा घडवताना या चित्रांकडून पुष्कळ घेतले. तरीही टीकेचा मोठा भाग छापील प्रतींवर पोसलेला होता. जी गोष्ट दिनदर्शिकेवर असते ती कला असू शकत नाही, हा समज पुढे पन्नास-साठ वर्षे टिकला. रविवर्म्यांना लोकांपर्यंत नेणाऱ्या शिळाछापानेच त्यांना कलेच्या इतिहासात मागच्या बाकावर बसवले.

हा निकाल पुढे बदलला. १९७९मध्ये भारत सरकारने त्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलासंपदेत स्थान दिले. त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. १९९३मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि नव्या पिढीने मूळ तैलचित्रांकडे नव्याने पाहिले. मळवलीचा छापखाना मात्र तोवर राहिला नव्हता. १९३५मध्ये श्लायशर वारले, त्यानंतरही तो काही दशके चालला आणि १९७२मध्ये आगीत भस्मसात झाला. जुन्या प्रतींचा मोठा साठा त्या आगीत गेला. ज्या छापील प्रतींना एके काळी बाजारू म्हणून हिणवले गेले, त्यांचे जुने नमुने संग्राहक जपून ठेवू लागले आणि लिलावांत त्यांना चांगली किंमत येऊ लागली.

त्या छापखान्याच्या परिसरातून आणखी एक धागा निघतो. दादासाहेब फाळके यांनी लोणावळ्यात छपाईचा व्यवसाय सुरू केला तेव्हा रविवर्मा प्रेससाठी त्यांनी फोटो-लिथोची कामे केली. दगडावरील देवांना हलताना दाखवण्याची विद्या त्यांनी पुढे आत्मसात केली आणि १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. हरिश्चंद्र-तारामतीचा प्रसंग रविवर्म्यांनी बडोद्याच्या चित्रमालिकेत आधीच रंगवला होता.

पण शिळाछपाईने साधलेली सर्वांत मोठी गोष्ट सिनेमाची नाही, की कलेच्या इतिहासाचीही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या देशातील कोट्यवधी माणसांना देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत तर सोडाच, पायरीपर्यंतही जाण्याची मुभा नव्हती. देवाची मूर्ती कशी दिसते, हे त्यांना ऐकूनच ठाऊक. अशा माणसाला बाजारात काही पैसे मोजून लक्ष्मीची तसबीर घेता येऊ लागली. ती घरी नेऊन भिंतीवर टांगायला कोणा पुजाऱ्याची संमती लागत नव्हती. विकणारा जात विचारत नव्हता. तसबिरीतली देवी समोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाकडे सारख्याच नजरेने पाहत होती. रविवर्म्यांनी हे समाजसुधारणा म्हणून केले, असा दावा करण्याचे कारण नाही. ते राजघराण्यांच्या वर्तुळात वाढले, रमले आणि तेथेच त्यांची उपजीविका होती. छापखाना काढताना त्यांच्या मनात कीर्ती होती, व्यापार होता आणि लोकांची अभिरुची घडवण्याची इच्छाही होती. पण केलेल्या कामाचा परिणाम कर्त्याच्या हेतूपेक्षा पुष्कळ दूर गेला.

त्यांच्या स्वतःच्या त्रावणकोरमध्ये देवळांची दारे सर्व हिंदूंना उघडली गेली ती १२ नोव्हेंबर १९३६ रोजी, त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. तो जाहीरनामा काढणारे तरुण महाराजा चित्तिर तिरुनाळ हे रविवर्म्यांचे पणतू. रविवर्म्यांच्या दोन नाती १९००मध्ये त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या होत्या. त्यांपैकी सेतू पार्वतीबाई या महाराजांच्या आई. पणतूने राजाज्ञेने जी दारे उघडली, त्यांच्या आतले देव तोपर्यंत मळवलीच्या दगडांवरून कागदावर उतरून कित्येक झोपड्यांत जाऊन बसले होते.